बाई खुर्चीवर बसली, पुढे काय?

'पहिली महिला' हे दोन शब्द दिसले की आपण टाळ्या वाजवतो. ती नेमकी कुठे पोचली, तिथे काय काम चालतं, हे विचारायचं मात्र राहून जातं. म्हणून अमेरिकेतल्या अशाच एका 'पहिली'ची कारकीर्द जरा नीट पाहू या.

ॲन कॅराक्रिस्टी यांचा जन्म १९२१ चा. १९४२ मध्ये कॉलेज संपलं आणि त्या लष्कराच्या गुप्तलिपी उलगडणाऱ्या विभागात नागरी कर्मचारी म्हणून लागल्या. या विभागाचं ठाणं होतं व्हर्जिनियातलं ॲर्लिंग्टन हॉल. मूळचं ते मुलींचं कॉलेज. युद्धासाठी लष्कराने ताब्यात घेतलं. मुलींचं शिक्षण बाहेर गेलं आणि शिकलेल्या मुली लष्कराच्या कामाला आत आल्या.

कॅराक्रिस्टींनी आधी आलेले निरोप निवडण्याचं कंटाळवाणं काम केलं. पुढे विल्मा बेरीमन या वरिष्ठ सहकारी बाईंच्या हाताखाली त्यांनी जपानी सैन्याच्या निरोपांवरचे सांकेतिक पत्ते उलगडले. त्यातून कोणती तुकडी कुठे आहे, हे कळू लागलं. अशा हजारो बायका तिथे आणि नौदलाच्या कार्यालयांत राबत होत्या. नौदलातल्या मुलींना बजावलेलं असे, की कुणी विचारलं तर कचऱ्याच्या टोपल्या रिकाम्या करतो, पेन्सिलींना टोक काढतो, असं सांगा. लोकांना ते सहज पटायचं! बाईच्या बुद्धीवर विश्वास नसणं हेच शासनाचं गुपित राखण्याचं साधन झालं. कामाला बाईची बुद्धी हवी होती, पण नाव नको होतं.

युद्ध संपल्यावर बहुतेक जणी घरी गेल्या. कॅराक्रिस्टी काही काळ एका वृत्तपत्रात काम करून परत आल्या. १९५२ मध्ये संरक्षण खात्याखाली राष्ट्रीय सुरक्षा संस्था म्हणजे एन.एस.ए. स्थापन झाली. तिथे एकेक पायरी चढत १९८० मध्ये त्या उपसंचालक झाल्या. त्या पदावरच्या पहिल्या स्त्री, आणि संस्थेतल्या सर्वांत वरिष्ठ नागरी अधिकारी. १९८२ मध्ये निवृत्त झाल्या, २०१६ मध्ये वारल्या. त्यांच्या बुद्धीबद्दल, चिकाटीबद्दल शंका घेण्याचं काहीच कारण नाही. पण संचालकाची खुर्ची तेव्हाही गणवेशातल्या पुरुषाकडे होती. त्या पदावर दुसरी स्त्री यायला १९९७ साल उजाडलं. एकीला वर घेतलं म्हणून जिना सगळ्यांसाठी खुला झाला नाही.

आता दुसरा, अधिक अवघड प्रश्न. ही संस्था करत काय होती? १९७५ मध्ये सिनेटच्या चर्च समितीने ते चव्हाट्यावर आणलं. १९४५ पासून तीस वर्षं तार कंपन्या परदेशी तारांच्या प्रती सरकारला गुपचूप देत होत्या. १९६७ ते १९७३ या काळात एन.एस.ए.ने सुमारे सोळाशे अमेरिकन नागरिकांच्या परदेशी संपर्कावर नजर ठेवली. त्यात मार्टिन लूथर किंग होते, व्हिएतनाम युद्धाला विरोध करणारी अभिनेत्री जेन फोंडा होती. त्याच वर्षांत एफ.बी.आय. ही दुसरी यंत्रणा स्त्रीमुक्तीच्या गटांत खबरे बसवत होती. आपल्या घरच्या जाचाबद्दल बोलायला जमलेल्या बायकाही राज्यसंस्थेला धोका वाटत होत्या!

कॅराक्रिस्टींनी हे सारं केलं, असा आरोप मी करत नाही. मुद्दा व्यक्तीचा नाही, यंत्रणेचा आहे. जी यंत्रणा प्रश्न विचारणाऱ्यांवर पाळत ठेवते, तिच्या वरच्या मजल्यावर एक बाई बसली, तर पाळत थांबते का? की तीच पाळत जरा सभ्य दिसू लागते?

यावर आपल्यातल्याच काही मैत्रिणी म्हणतील, बाई मुळात शांतताप्रिय असते, ती आत गेली की हिंसा आपोआप कमी होईल. हा भ्रम आपण सोडून द्यायला हवा. ॲर्लिंग्टन हॉलमध्ये जपानी जहाजांच्या वाहतुकीचे निरोप उलगडले जात, त्यावरून जहाजं बुडवली जात, सैनिकांसकट. ते काम करणाऱ्यांत बहुसंख्य बायकाच होत्या. त्यांच्या स्वतःच्या भावांचे जीव पणाला लागले होते, हेही खरं. पण बाई युद्ध करू शकते, हे त्यांनी सिद्ध केलं. म्हणून युद्धाला आपला विरोध गर्भाशयातून येत नाही, तो विचारातून यावा लागतो.

नोकरीत, बढतीत समान हक्क मागायचाच. कुठलंही दार बाईला बंद असता कामा नये. पण दार उघडणं म्हणजे मुक्ती नव्हे. मैत्रिणींनो, यापुढे कुणा 'पहिली'चा सत्कार ठरला, तर हारासोबत तीन प्रश्नही घेऊन जाऊ या: तुझ्या मागच्या हजारोंचं काय झालं? तुझ्यावरची खुर्ची कुणाची? आणि तुझ्या सहीने कुणाचं तोंड बंद होणार आहे?