गुटगुटीत बाळ निरोगीच असते का?



माती परीक्षण आपल्याकडील शेतकऱ्यांना आता नवे राहिलेले नाही. २००९ साली कर्नाटक सरकार व इक्रिसॅट यांनी ‘भूचेतना’ कार्यक्रम सुरू केला. त्यात राज्यातील बऱ्याच जमिनींत जस्त, बोरॉन व गंधक कमी असल्याचे दिसून आले. वरून कसदार दिसणारी जमीन आतून उणी असू शकते, हे आपण मान्य केले. मग तोच न्याय घरातल्या लेकराला का लावत नाही?

बाळ गुटगुटीत आहे, हसते-खेळते आहे, म्हणजे सर्व ठीक, असे आपण धरून चालतो. पण रक्तातील लोह डोळ्यांना दिसत नाही. शरीरातील लोहाचा साठा ही घरची कणगी समजा आणि हिमोग्लोबिन ही ताटातली भाकरी. कणगीचा तळ लागला तरी काही दिवस ताटात भाकरी दिसतच राहते. बाळ फिके दिसू लागते ते सर्वात शेवटी. म्हणून हिमोग्लोबिन कमी निघाले तर डॉक्टर साठा पाहण्यासाठी ‘फेरिटिन’ तपासायला सांगतात.

२०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कर्नाटकातील ६ महिने ते ५ वर्षे वयाच्या ६५.५ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. हा आकडा बोट टोचून घेतलेल्या रक्तावरचा आहे. २०१६–१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेतून रक्त घेतले गेले, तेव्हा देशातील १ ते ४ वर्षांच्या मुलांत हे प्रमाण ४१ टक्के निघाले. ३२ टक्के मुलांत लोह कमी होते, तर १९ टक्के मुलांत जस्त. मोजण्याच्या पद्धतीवर तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण लहान आकडा खरा धरला तरी पाचातील दोन मुले झाली. आपल्या अंगणवाडीत ती नाहीत असे कोण म्हणेल?

असे का होते? बाळ आईच्या पोटातून सुमारे सहा महिने पुरेल एवढे लोह घेऊन येते. आईचे दूध अमृत आहे, पण त्यात लोह थोडेच. सहा महिन्यांनंतर ते वरच्या अन्नातून मिळावे लागते. आपण देतो काय? वरणाचे पाणी, बाटलीभर दूध आणि चहात बुडवलेले बिस्किट. दुधात लोह नगण्य, आणि चहा तर अन्नातले लोहही अंगी लागू देत नाही. कर्नाटकातील दोन ग्रामीण जिल्ह्यांत १ ते २ वर्षांच्या ४०१ मुलांची पाहणी झाली होती. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ७५.३ टक्के मुलांत रक्तक्षय होता आणि त्याचा संबंध आईच्या रक्तक्षयाशीही दिसला. खाण तशी माती. यात आईचा दोष नाही. सर्वांच्या मागून जेवणाऱ्या सुनेच्या ताटात काय उरते, हे घराने पाहावे.

मी वैद्यकशास्त्राचा माणूस नाही. शिक्षक म्हणून मला चिंता आहे ती पुढची. डॉ. बेट्सी लोझॉफ यांनी कोस्टारिका देशात काही मुलांचा बालपणापासून १९ व्या वर्षापर्यंत मागोवा घेतला. बालपणी ज्यांना दीर्घकाळ लोह कमी पडले, ती मुले बुद्धीच्या चाचण्यांत मागे राहिली. गरीब घरांत तर हे अंतर वाढतच गेले. आमच्याकडे मूल येते ते तीन-चार वर्षांचे होऊन. तोवर मेंदूच्या वाढीचा सर्वात वेगाचा काळ सरलेला असतो. पुढे शिकवणी लावून ती उणीव कितपत भरणार?

“आमच्या वेळी कुठे होत्या तपासण्या? लेकरे वाढलीच ना!” असे वडीलधारी मंडळी म्हणतात. वाढली, हे खरे. पण जी मागे पडली त्यांना समाजाने ‘मठ्ठ’ म्हणून सोडून दिले, हेही खरेच.

उपाय अवघड नाही. ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिली लोहाचे औषध देण्याची सरकारी योजना आहे. ते आशाताईंकडे मागावे. आपल्या अनेक लेकी बाळंतपणाला उदगीर-देगलूरकडे माहेरी जातात. त्यांनी तिकडचे कार्ड जपून आणून इथल्या अंगणवाडीत दाखवावे. योजना दोन्ही राज्यांत एकच आहे. औषधाने शी काळी होते, त्याला घाबरू नये. मात्र मनाने मात्रा वाढवू नये, बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नये. जास्त लोह विषासारखे असते. जेवणात घट्ट वरण, मोड आलेली कडधान्ये, शेवग्याचा पाला, वर लिंबू पिळून. चालत असेल त्या घरी अंडे. चहा बंद.

विश्वस्त मंडळास विनंती आहे की, वर्षातून एका पालक सभेच्या दिवशी तालुका रुग्णालयाच्या सहकार्याने विद्यार्थ्यांच्या धाकट्या भावंडांची रक्ततपासणी ठेवावी. ही तपासणी प्रवेशाची अट मुळीच नसावी. तसे झाले तर ज्यांना गरज आहे तेच दूर राहतील. आणि विद्यार्थी मित्रांनो, घरी लहान भाऊ-बहीण असेल तर औषधाचे दोन वार तुम्ही ठरवा आणि आईला आठवण करून द्या. एवढा गृहपाठ मी तुम्हाला देत आहे.

– मुख्याध्यापक