रॅम्प नाही, म्हणून यादीत नाही

धर्माबाद तालुक्यात केंद्रप्रमुख म्हणून काम करताना मी वर्षानुवर्षं शाळांकडून माहिती भरून घेतली. यू-डायसचा फॉर्म मला तोंडपाठ होता. वर्गखोल्या किती, त्यातल्या दुरुस्तीला आलेल्या किती, मुलींचं स्वच्छतागृह वापरात आहे का, वीजजोडणी आहे का. एवढं सगळं सरकारला कळवतोय म्हणजे ज्या शाळेत काही नाही तिथे आधी काहीतरी येईल, असं मी धरून चाललो होतो. पीएम श्री योजना आली तेव्हा माझा हा समज गेला.

केंद्राने सप्टेंबर 2022 मध्ये ही योजना मंजूर केली. देशभरात 14,500 शाळा. महाराष्ट्राने 846 शाळांचं ठरवलं, शाळेमागे पाच वर्षांत 1 कोटी 88 लाख रुपये. सरकारी शाळेवर एवढा पैसा खर्च होतोय याचा मला आनंदच आहे. माझं म्हणणं निवडीबद्दल आहे. एका तालुक्यातून जास्तीत जास्त दोन शाळा घ्यायच्या. त्यासाठी इमारत पक्की आणि सुस्थितीतली हवी, रॅम्प हवा, मुलामुलींची स्वच्छतागृहं, पाणी, वीज, ग्रंथालय, खेळाचं साहित्य हवं, पट राज्याच्या सरासरीहून जास्त हवा. हे सगळं असेल तरच शाळेने ऑनलाइन अर्ज करायचा आणि इतर शाळांशी स्पर्धा करायची.

माझ्या केंद्रात गोदाकाठची एक शाळा होती. नाव लिहीत नाही. काळ्या मातीत पाया हललेला, दोन खोल्यांच्या भिंतींना बोटं जातील एवढ्या भेगा. पहिलीत येणारी निम्मी लेकरं घरी तेलुगू बोलणारी. तहान लागली की ‘नीळ्ळु’ म्हणायची, आणि नवीन बदलून आलेले गुरुजी त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचे. मिरचीचा हंगाम लागला की पाचवी-सहावीच्या मुली आयांबरोबर देठ खुडायला जायच्या. परत वर्गात आल्या तरी बोटांची आग थांबलेली नसायची. पाटीला हात लावायच्या आधी फ्रॉकला पुसत राहायच्या.

मुख्याध्यापक माझ्यासमोर बसून एकेक रकाना भरत होते. रॅम्पपाशी आले आणि थांबले. रॅम्प पूर्वी होता, खचून गेला होता.

‘सर, होय लिहू का? खाली थोडा उरलाय.’

मी ‘नाही’ लिहायला सांगितलं. ते खरं होतं. पटही सरासरीच्या खूप खाली होता. शाळा पहिल्याच पायरीवर बाहेर पडली. घरची तेलुगू, मिरचीचा हंगाम, भिंतीच्या भेगा, यांपैकी एकाही गोष्टीने तिचा नंबर वर सरकणार नव्हता. अशा शाळेच्या हाती मग समग्र शिक्षाचं संयुक्त शाळा अनुदान राहतं. पट 30च्या आत असेल तर वर्षाला 10,000 रुपये. वीजबिल, खडू, फिनेल, झेरॉक्स, गळकी तोटी, सगळं त्यातच.

आमच्याकडे लोक म्हणतात, पलीकडे तेलंगणात, बासरच्या बाजूला बरं आहे. सीमेवरच्या आमच्या गावांनी तेलंगणात जाण्याची मागणीही केली होती. पण तिथे 2022 मध्ये ‘मन ऊरु मन बडी’ ही शाळा सुधारण्याची योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या टप्प्यात 9,123 शाळा घेतल्या, त्याही जास्त पटाच्या. सीमेच्या दोन्ही बाजूंना लहान शाळा मागेच.

अधिकारी मला विचारत, तेवढ्याच पैशात जास्त मुलांना लाभ मिळत असेल तर वाईट काय? प्रश्न रास्त आहे, म्हणून मी तो टाळणार नाही. पण त्या शाळेचा पट घसरला कसा, हे मी पाहिलं आहे. आधी खोली गळायला लागली, मग एक शिक्षक बदलून गेले आणि जागा रिकामी राहिली. ज्यांना परवडलं त्यांनी इंग्रजी शाळेच्या गाडीत लेकरं बसवली. मागे राहिली ती मजुरांची, एकट्या आयांची, आजीजवळ ठेवलेली. पटावरचा आकडा कमी झाला, पण त्या आकड्यातल्या प्रत्येक लेकराची गरज वाढली. मदतीच्या वेळी नेमकी हीच लेकरं वगळायची, हे मला पटत नाही.

आणि गरज बघून निवड करणं या देशाला ठाऊक नाही असंही नाही. 2004 मध्ये कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयं सुरू झाली, तेव्हा 2001च्या जनगणनेतून तालुके काढले होते. ग्रामीण महिला साक्षरता 46.13 टक्क्यांहून कमी आणि स्त्री-पुरुष साक्षरतेतली तफावत 21.59 टक्क्यांहून जास्त, तो तालुका पात्र. कुणाला अर्ज करावा लागला नाही. आमच्या नांदेड जिल्ह्यातही ही विद्यालयं उघडली. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमाचे 125 तालुकेही महिला साक्षरता आणि दारिद्र्य पाहूनच ठरले. गावोगावच्या मुली निळ्या बसने हायस्कूलला जायला लागल्या त्या त्यामुळे. तिथेही एक उणीव होतीच. तालुका हे माप मोठं पडतं, बाजारपेठेचं गाव आणि नदीकाठची वस्ती एकाच सरासरीत जातात. त्याहून बारीक मापही वापरता येतं. न्यूझीलंडने शाळांची प्रतवारी अनेक वर्षं वस्तीच्या जनगणनेवरून केली, आणि 2023 पासून शाळेत येणाऱ्या मुलांच्याच घरची परिस्थिती पाहायला सुरुवात केली.

आपल्याकडे ती माहिती गोळा करायला नवा माणूस नेमायची गरज नाही. यू-डायसमध्ये खोल्या आहेत, शिक्षक आहेत, लेकरांची मातृभाषा आहे. हजेरीपटावरून हंगाम कळतो. आईचं शिक्षण गुरुजींना तोंडी माहीत असतं. तालुक्यातल्या दोन जागांपैकी एक तरी अर्ज न मागवता द्यावी, जिथे सगळ्यात जास्त रकान्यांत ‘नाही’ आहे तिला. आणि गळालेल्या शाळांची यादी कारणांसह पंचायत समितीच्या फलकावर लावावी, म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीला निदान विचारता येईल.

मी निवृत्त झाल्यावर त्या गावाने वर्गणी काढून रॅम्प बांधला. एका मिरची व्यापाऱ्याने सिमेंट दिलं, गवंडी गावातलाच, मजुरी कुणी घेतली नाही. मुख्याध्यापकांनी संध्याकाळी मला फोन केला. ‘सर, आता होय लिहिता येईल.’ त्यांचा आवाज ऐकून पटाच्या अटीचं मी त्या दिवशी काढलं नाही.