शेरा झाका, मग वाचा



‘ईसीजीवर यंत्रच निदान छापतं, मग नव्या डॉक्टरांनी चौकटी कशाला मोजायच्या?’ हा मागील अंकातील पत्रलेखकाचा सवाल वाचला. यंत्राची मदत होते, हे मान्य. पण त्याच्यापुढे असतो तो आलेख, रुग्ण नव्हे.

आमच्याकडे एका तरुणाच्या पट्टीवर यंत्राने हार्ट अटॅकची शंका छापली. घरच्यांचं धाबं दणाणलं. शिकाऊ डॉक्टरने पाहिलं तर लीड वनमध्ये पी, क्यूआरएस, टी सगळंच उलटं, एव्हीआर मात्र सुलटं. छातीवरची लीड्स ठीक. दोन्ही हातांच्या वायरींची अदलाबदल झाली होती. त्या नीट लावल्यावर आलेख नॉर्मल!

उलटही घडतं. पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून अटॅक नाहीच, असं ठरत नाही. दुखणं थांबत नसेल तर तो थोड्या वेळाने पुन्हा काढावा, जुना असल्यास शेजारी ठेवावा.

पट्टी वाचताना आधी वेग, लय, अक्ष, अंतरं, मग एसटी पाहायचं; छोटी चौकट 0.04 सेकंदांची. हा क्रम रोजच्या सरावानेच अंगवळणी पडतो. तरुण डॉक्टरांना एवढीच विनंती : यंत्राचा शेरा घडी घालून झाका, स्वतः वाचा, मगच ताडून पाहा.

– एक निवृत्त फिजिशियन, सातारा