साथीच्या कायद्याचें पांचवें कलम

घराला आग लागली म्हणजे शहाणा माणूस आधीं पोरेंबाळें बाहेर काढतो, मग दाराला कडी घालतो. आमच्या सरकारची रीत उलटी! साथ आली कीं कडी आधीं. आंत कोण अडकलें, त्याची चूल पेटली कीं नाहीं, ही चौकशी मागाहून.

१८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला आणि फेब्रुवारी १८९७ मध्यें इंग्रज सरकारनें साथीच्या रोगांचा कायदा केला. तो अवघ्या ४ कलमांचा. पहिलें कलम नांवाचें, दुसरें सरकारच्या अधिकाराचें, तिसरें रयतेच्या शिक्षेचें, चौथें अधिकाऱ्यांवर फिर्याद होऊं नये म्हणून त्यांच्या बचावाचें. रयतेच्या पोटाचें पांचवें कलम लिहावयाचें राहूनच गेलें! त्याच साथींत सावित्रीबाई फुले यांनीं प्लेगाचें पोर पाठीवर घालून दवाखान्यांत पोंचविलें आणि १० मार्च १८९७ रोजीं त्या स्वतः प्लेगानें गेल्या. त्यांना कोणत्या कलमानें तसें सांगितलें होतें?

इंग्रज गेला, कायदा राहिला. २०२० सालीं करोना आला तेव्हां तोच कायदा बाहेर निघाला. वैद्यकीय सेवकांवर हात टाकणारांस जबर शिक्षा त्यांत नव्यानें घातली, तें योग्यच झालें. पण भाकरीचें कलम तेव्हांहि सुचलें नाहीं. २४ मार्च २०२० रोजीं रात्रीं ८ वाजतां हुकूम सुटला, मध्यरात्रीं देश बंद! चार तासांची मुदत! वऱ्हाड निघावयाचें तरी याहून अधिक वेळ लागतो. माग थांबले, बांधकामें थांबलीं, आणि विणकर, गवंडी, बिगारी पोरें कडेवर घेऊन पायीं गांवाकडे निघाले. ८ मे रोजीं पहाटें करमाडजवळ थकून रुळांवर निजलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. रुळांवर त्यांच्या भाकऱ्या विखुरल्या होत्या.

सप्टेंबरांत लोकसभेंत विचारणा झाली कीं, वाटेंत किती मजूर मेले? सरकारनें उत्तर दिलें, नोंद नाहीं. गोदामांतलें पोतें कमी भरलें तर हिशेब मागतात. माणसें कमी झालीं त्याचा हिशेब नाहीं!

कोणी म्हणेल, माणशीं ५ किलो धान्य फुकट दिलें ना? दिलें, आणि त्यानें पुष्कळांचीं पोटें भरलीं, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण मजुराचें कार्ड गांवीं आणि पोट शहरांत! बिनकार्डाच्या मजुरांसाठीं धान्य जाहीर झालें तें मेच्या मध्यावर, तोंवर अर्धा देश चालून थकला होता. शेवटीं सर्वोच्च न्यायालयाला जून २०२१ मध्यें राज्यांस बजावावें लागलें कीं, स्थलांतरित मजुरांस कोरडा शिधा द्या, साथ आहे तोंवर अन्नछत्रें चालवा. जें न्यायाधीशांना दिसलें तें तुम्हांला कां दिसलें नाहीं?

आमदार-खासदारांनो, पांचवें कलम लिहा. बंदी करण्यापूर्वीं घरीं पोंचण्यास मुदत आणि वाहन द्या. कार्ड न विचारतां जेथें माणूस तेथें शिधा द्या. बुडालेल्या रोजाची भरपाई द्या. मेलेल्याची नोंद करा आणि त्याच्या घरच्यांस आधार द्या. ही भीक नव्हे. ज्यांच्या घामावर तिजोरी भरते त्यांचें हें देणें आहे.

आणि वाचकहो, मतें मागावयास कोणी दारीं आला कीं पाणी द्या, बसावयास घोंगडी द्या, आणि विचारा, "पांचव्या कलमाचें काय केलेंत?" पुढची साथ मुहूर्त पाहून येणार नाहीं.