पंगतीतलं एक वाक्य आणि पटाची जोडी

गोंडपिपरीत या आठवड्यात एका लग्नाला गेलो होतो. पंगतीत बुंदी वाढणारा तरुण पुढे सरकला, तसे शेजारचे गृहस्थ माझ्याकडे झुकले. “पाहा जी, याच्या बापानं चंद्रपूरले ठेवून शिकवलं याले. तिथं बास्केटबॉल खेळत राह्यला, आन् आता मामाच्या बैलाईच्या मागं फिरते. खेळाचंही काही झालं नाही, शिक्षणाचंही नाही.” बोलणारा माणूस वाईट नाही, मुलाच्या काळजीपोटीच बोलत होता. तरी ते वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही. पोरांच्या मैदानांवर या सदरात मी सारखा लिहितो, हे वाचकांना ठाऊक आहे. आज पुन्हा तेच लिहितोय, कारण वाया गेला म्हणण्याची आपली घाई पोरांच्या मुळावर येते.

त्या गृहस्थांना मी डी. वेन लुकस यांच्याबद्दल सांगितलं. १९३५ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात जन्मलेला हा माणूस शाळेत बास्केटबॉल शिकवायचा, विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संघाकडेही त्याने साहाय्यक प्रशिक्षक म्हणून काम केलं. मग त्याने घोडे तयार करायला घेतले. आधी कमी अंतराच्या शर्यतींचे, आणि १९७८ पासून मोठ्या शर्यतींचे थरोब्रेड. केंटकी डर्बी चार वेळा, प्रीकनेस सात वेळा, बेलमाँट चार वेळा. १९९४ ते १९९६ या काळात या तीन मानाच्या शर्यतींपैकी सहा त्याच्या घोड्यांनी ओळीने जिंकल्या. शेवटची प्रीकनेस २०२४ ची, तेव्हा त्याचं वय ८८. जून २०२५ मध्ये तो वारला, तोवर सगळं घोडेजग त्याला ‘कोच’ म्हणूनच हाक मारत होतं.

आकडे सोडा, मला त्या माणसाची एक गोष्ट फार मोठी वाटते. डिसेंबर १९९३ मध्ये टबॅस्को कॅट नावाचं त्याच्या तबेल्यातलं शिंगरू हातून सुटलं आणि उधळलं. त्याला अडवायला लुकस यांचाच मुलगा जेफ आडवा उभा राहिला. जेफ बापाच्या हाताखालीच काम करायचा. घोड्याच्या धडकेने त्याचं डोकं फुटलं, कित्येक दिवस तो बेशुद्ध होता. दुसऱ्या कुणी ते जनावर त्याच दिवशी विकून टाकलं असतं. लुकस यांनी ते ठेवलं, रोज पहाटे त्याच्यावर मेहनत घेतली, आणि पुढच्याच वर्षी त्याने प्रीकनेस आणि बेलमाँट जिंकली. जनावर बिथरलं होतं, त्याच्या मनात वैर नव्हतं, हे त्या बापाला कळत होतं. हरलेल्या, चिडलेल्या, चुकलेल्या पोरांना दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवण्याचं काम ज्याने वर्षानुवर्षं केलं, त्याला हे कळणार नाही तर कुणाला?

आता आपल्या पंगतीतल्या पोराकडे येतो. जेवणं झाल्यावर तो मला गोठ्यात घेऊन गेला. मामाची जोडी पटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची. त्यातला एक बैल सुटतानाच झेप घेतो, दुसरा थोडा मागाहून वेग धरतो पण शेवटपर्यंत सोडत नाही. डावीकडे कोण, उजवीकडे कोण, यावर मामाचा आणि त्याचा वाद चालतो. त्याने बैलाच्या खांद्यावर तळहात ठेवला आणि थोडा वेळ तसाच उभा राहिला. “सर, हा आज थकला आहे. उद्या याले पळवत नाही.” मला बैलात काहीच दिसलं नाही. त्याला दिसलं होतं. कॉलेजात सरावाच्या वेळी गडी दमला की आधी त्याचं पाऊल जड पडतं, मग तो चुका करायला लागतो, हे तो चार वर्षं पाहत आला होता. ढेप किती, सरकी किती, नदीच्या रेतीत कधी चालवायचं, विश्रांतीचा दिवस कोणता, सगळं त्याने वहीत लिहून ठेवलंय. बैलाला टोचायची तुतारी मात्र गोठ्यात कुठेही नव्हती.

पटाबद्दल माझं मत जुन्या वाचकांना माहीत आहे. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, तेव्हा मी त्या निकालाच्या बाजूने लिहिलं आणि पटशौकिनांची रागाची पत्रं आली. शेपट्या पिरगाळणं, टोचणं, बैलाला नको ते पाजणं, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. घोड्यासारखं धावायला बैलाचा देह घडलेलाच नाही, असं न्यायालय म्हणालं होतं, आणि त्यात चूक काहीच नव्हतं. आपल्या राज्यात १६ डिसेंबर २०२१ ला अटींसह परवानगी मिळाली, १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला. आज झाडीपट्टीत दिवसा पट आणि रात्री नाटक, ही थंडीतली धामधूम पुन्हा सुरू आहे. मधल्या सात वर्षांत कितीतरी जुने धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारे, थकले, काही गेले. मारहाण न करता बैल तयार करणारे त्यांच्यातही थोडेच होते, आणि नेमकी त्यांचीच विद्या कुणी लिहून ठेवली नाही. म्हणून त्या पोराची वही मला मोलाची वाटते. मामाचं ऐकून त्याने पानंच्या पानं भरली आहेत. खेळाडूच्या सवयीने तारीख घालून लिहिलंय, कुठल्या दिवशी कुठला खुर दुखावला तेसुद्धा.

लुकस यांच्या तबेल्यातून टॉड प्लेचरसारखे प्रशिक्षक घडले, ज्यांनी पुढे स्वतः डर्बी जिंकली. आपल्याकडे धुरकऱ्याच्या हाताखाली कोण शिकतं, याची कुठे नोंद तरी होते का? बक्षीस जोडीला, फोटो मालकाचा, धुरकऱ्याच्या गळ्यात हार पडला तर पडला. जनावर तयार करणाऱ्याचं नाव कुणी माईकवर घेत नाही. याचा मला मनापासून राग येतो.

म्हणून तालुक्यातल्या पट समित्यांना सांगणं आहे. यंदा पहिल्या नंबराइतकंच मानाचं एक बक्षीस वेगळं ठेवा. धाव संपल्यावर काही वेळाने पशुवैद्यकाने प्रत्येक जोडी तपासावी: श्वास किती लवकर खाली आला, खुरं कशी आहेत, अंगावर वळ किंवा टोचल्याची खूण आहे का. ज्या जोडीची तब्येत सगळ्यात चांगली, तिला तयार करणाऱ्याला मंचावर बोलवा आणि त्याचं नाव घ्या, मालकाचं नंतर. गोंडपिपरी तालुक्यातली जी समिती हे आधी करेल, तिच्या पहिल्या वर्षाच्या ढालीचा खर्च माझ्याकडे. निरोप वर्तमानपत्राच्या कचेरीत दिला तरी मला पोचतो.