रिकामे मैदान आणि जिवंत मैदान

शाळेची सहल कोल्हापूरला निघाली की तिचा क्रम बहुधा ठरलेला असतो. अंबाबाईचे दर्शन, रंकाळा, पन्हाळा, आणि वेळ उरलाच तर खासबागेतील कुस्तीचे मैदान. धाराशिव जिल्ह्यातील सास्तूरसारख्या दूरच्या गावाहून आलेल्या मुलांना त्याच शहरातील राजर्षी शाहू स्टेडियम मात्र सहसा दाखविले जात नाही. ही उणीव वाटते तितकी किरकोळ नाही.

परदेशांत फुटबॉलची जुनी मैदाने आधुनिक तीर्थक्षेत्रेच बनली आहेत. प्रवासी तिकीट काढून खेळाडूंच्या खोल्या पाहतो, रिकाम्या आसनांची छायाचित्रे घेतो आणि धन्य होतो. लंडनचे १९२३ साली खुले झालेले वेम्ब्ली पाडण्यात आले व त्याच जागी २००७ मध्ये नवे उभे राहिले. तरीही प्रवाशांचा ओघ आटला नाही. जागेचे माहात्म्य सिमेंटात नसते, तेथे चालत आलेल्या खेळात असते, एवढाच याचा अर्थ.

ती परंपरा तुटली म्हणजे काय होते, हे मुंबईत दिसते. १८९१ साली सुरू झालेली रोव्हर्स चषक स्पर्धा कूपरेज मैदानावर अनेक दशके गाजली. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्सच्या रूपाने भारतीय संघाने तो चषक प्रथमच जिंकला. परंतु या शतकाच्या आरंभी ही स्पर्धाच बंद पडली. कूपरेजवर आजही चेंडू फिरतो. रोव्हर्सचे वैभव मात्र आठवणीपुरते उरले.

कोल्हापूरचे चित्र वेगळे आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही तेथील संघांची नावे मुळात तालमींची आहेत. कुस्तीच्या आखाड्याभोवती जमलेली पेठ फुटबॉलमागेही तशीच उभी राहिली. या ईर्ष्येला कधी हुल्लडबाजीचे गालबोट लागते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा, हेही विसरता येत नाही. येथील हंगाम हिवाळ्यात रंगू लागतो आणि शाळांच्या सहलीही त्याच दिवसांत निघतात. तेव्हा मुलांना रिकाम्या पायऱ्या नव्हे, चालू सामना दाखविणे सहज शक्य आहे.

सास्तूरकरांना हा विचार परका वाटू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने या परिसरातील घरे क्षणार्धात मातीस मिळविली. पुढे अनेक गावे नव्या जागी, रुंद रस्त्यांनिशी आखली गेली. आखणीने घर मिळते, चौक मिळतो. गावपण मात्र माणसांनी एकत्र येण्यातूनच घडते. मोकळ्या जागेचे मैदानही तसेच घडते. कोल्हापूरहून परतलेल्या शिक्षकाने वर्गात प्रवासवर्णन अवश्य लिहून घ्यावे. पण त्याआधी एक प्रश्न विचारावा: आपल्या गावात संध्याकाळी चेंडू कोठे उसळतो? त्याचे उत्तर देता आले नाही, तर सहल पुरी झाली असे म्हणता येणार नाही.