पशुखाद्यातील प्रतिजैविके: ओवा-हळदीचा पर्याय कितपत खरा?

महाडजवळ सावित्री नदीच्या काठी वसलेले सव हे गाव गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी ओळखले जाते. अशा झऱ्यांत स्नान केल्याने त्वचेच्या व्याधींना ‘गुण येतो’ अशी समजूत सर्वत्र असते, तशी ती येथेही आहे. महाड आणि पोलादपूर तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात हा ‘गुण’ झाडपाल्यालाही लावला जातो. हगवणीवर कुड्याची साल, खोकल्यावर अडुळसा, पोटाच्या तक्रारीवर हिरडा, खरजेवर करंजेल, ही कोकणातील जुनी घरगुती औषधे माणसांबरोबर गुराढोरांसाठीही वापरली जात आली आहेत. गुण नेमका किती येतो, कोणत्या मात्रेत येतो आणि कितीदा येतच नाही, याचा हिशेब गोठ्यातल्या एका गायीसाठी कोणी मांडत नाही. पशुखाद्याच्या व्यवसायाला मात्र तो मांडणे भाग पडले आहे. वराह आणि कोंबड्यांच्या खाद्यात दशकानुदशके मिसळली जाणारी प्रतिजैविके एकेका देशात बंद होत गेली, आणि त्यांची जागा घेण्यासाठी ओवा, दालचिनी, लसूण, हळद यांचे अर्क पुढे आले. ही जागा ते खरोखर भरून काढू शकतात का, हा प्रश्न शेतकऱ्याइतकाच शहरातील रुग्णालयांशीही निगडित आहे.

जनावराच्या खाद्यात प्रतिजैविक गेले ते रोग बरा करण्यासाठी नव्हे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत टॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड हे शास्त्रज्ञ कोंबडीच्या पिल्लांसाठी ब-१२ जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक तयार करताना उरणारा चोथा त्यांनी पिल्लांना खाऊ घातला, आणि पिल्ले अपेक्षेहून वेगाने वाढली. त्याच प्रयोगशाळेतील संशोधनाची धुरा आंध्रातून गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती आणि ऑरिओमायसिनचा शोध त्यांच्याच देखरेखीखाली लागला होता, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. वाढीमागचे श्रेय जीवनसत्त्वापेक्षा प्रतिजैविकाचे असल्याचे लवकरच स्पष्ट झाले आणि अगदी अल्प मात्रेत, दररोज, निरोगी जनावराला औषध देण्याची पद्धत जगभर रूढ झाली.

अल्प मात्रेतील औषध सर्व जिवाणूंना मारत नाही. जे वाचतात ते त्या औषधाला सरावलेले असतात, आणि त्यांची पुढची पिढी तीच शिदोरी घेऊन येते. ब्रिटनमध्ये १९६९ मध्ये स्वान समितीने याबाबत इशारा दिला होता. तरी खऱ्या अर्थाने खळबळ उडाली ती नोव्हेंबर २०१५ मध्ये. चीनमधील वराहांमध्ये, मांसामध्ये आणि रुग्णांमध्ये ‘एमसीआर-१’ हे जनुक आढळल्याचे शास्त्रज्ञांनी जाहीर केले. कोलिस्टिन या औषधाला दाद न देण्याची क्षमता हे जनुक जिवाणूला देते आणि एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाते. कोलिस्टिन हे जुने औषध. मूत्रपिंडाला अपाय करते म्हणून डॉक्टरांनी ते बाजूला ठेवले होते. अन्य सर्व औषधांना न जुमानणाऱ्या क्लेबसिएला, अॅसिनेटोबॅक्टरसारख्या जिवाणूंमुळे अतिदक्षता विभागात ते अखेरचा उपाय म्हणून परत आणावे लागले. डॉक्टर ज्याला शेवटचे औषध म्हणत होते, ते डुकराच्या आणि कोंबडीच्या खाद्यात टनांनी मिसळले जात होते. औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंच्या संसर्गामुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट ओढवले, असा अंदाज २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या मृत्यूंत पशुपालनाचा वाटा नेमका किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. मात्र वाटाच नाही, असे आता कोणीही गंभीरपणे म्हणत नाही.

चीनने एप्रिल २०१७ अखेर खाद्यातील कोलिस्टिन बंद केले. तेथील पशुखाद्यासाठीच्या कोलिस्टिनचे उत्पादन २०१५ मधील २७,१७० टनांवरून २०१८ मध्ये २,४९७ टनांवर आले आणि त्यापाठोपाठ वराहांमधील व माणसांमधील ‘एमसीआर-१’चे प्रमाणही लक्षणीय घटले. बंदीचा उपयोग होतो, याचा इतका ठळक पुरावा क्वचितच मिळतो. भारताने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांकरिता आणि पशुखाद्याकरिता कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री व वितरण यांवर बंदी घातली. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ एप्रिल २०२५ पासून कोलिस्टिनसह अनेक प्रतिजैविकांचा वापर मांस, दूध, अंडी यांच्या उत्पादनाच्या कोणत्याही टप्प्यावर निषिद्ध ठरविला. दिशा योग्य आहे, परंतु मार्ग औषधागणिक यादी करण्याचा आहे. यादीतील एक नाव बाद झाले की शेजारचे नाव वापरात येण्याची वाट मोकळी राहते. औषधाची गरज का निर्माण होते, हा प्रश्न यादीला विचारता येत नाही.

तो प्रश्न वराहांच्या बाबतीत सर्वांत स्वच्छ दिसतो. मोकळ्यावर वाढणाऱ्या डुकरिणीचे पिल्लू आईचे दूध हळूहळू, दहा-बारा आठवड्यांत सोडते. व्यापारी वराहपालनात ते तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच तोडले जाते. त्या वयात आईपासून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरत असते, स्वतःची पुरती आलेली नसते, आणि दुधाला सरावलेल्या आतड्यावर अचानक धान्याचा मारा होतो. अनोळखी पिल्लांची गर्दी असतेच. अशा वेळी ई-कोलाय जिवाणूमुळे हगवण लागते आणि पिल्ले दगावतात. खाद्यातील प्रतिजैविक हे या घाईवरचे झाकण होते. पशुवैद्यकशास्त्रात एक निरीक्षण जुने आणि सर्वमान्य आहे: जागा जितकी अस्वच्छ आणि दाटीची, तितका प्रतिजैविकाने होणाऱ्या वाढीचा फायदा अधिक. स्वच्छ, मोकळ्या गोठ्यात तो नगण्य ठरतो.

वनस्पतिजन्य अर्कांचे मूल्यमापन याच पार्श्वभूमीवर व्हायला हवे. युरोपात खाद्यपूरक म्हणून सर्वाधिक चर्चा होते ती ओरेगॅनो आणि थाइम या वनस्पतींच्या तेलांची. त्यातील थायमॉल हा घटक आपल्या ओव्यातही भरपूर असतो, ओव्याचा तो परिचित दर्प त्याचाच. थायमॉल आणि त्याचा भाऊबंद कार्व्हाक्रॉल जिवाणूच्या पेशीचे आवरण सच्छिद्र करतात. दालचिनीतील सिनामाल्डिहाइड, लसणातील गंधकयुक्त घटक, मिरचीतील कॅप्सेसिन यांचेही पचनावर आणि जिवाणूंवर परिणाम दिसून आले आहेत. म्हणजे आजीबाईच्या बटव्यात तथ्य आहे, यात वाद नाही.

वाद पुढे सुरू होतो. काचेच्या बशीत जिवाणू मारण्यासाठी तेलाचे जे प्रमाण लागते, तेवढे खाद्यात घातले तर त्याच्या उग्र वासाने डुक्कर खाद्याला तोंड लावत नाही. या प्राण्याचे नाक कुत्र्याच्या तोडीचे आहे. कमी घातले तर बराचसा अंश जठरात आणि लहान आतड्याच्या सुरुवातीलाच शोषला जातो, आणि खालच्या भागात, जिथे त्याचे काम असते, तिथे फारसे काही पोहोचत नाही. त्यामुळे तेलाच्या थेंबांवर स्निग्ध पदार्थाचा लेप चढवून ते आतड्यात उशिरा सुटतील, अशी योजना करावी लागते. तशी उत्पादने बाजारात आहेत आणि ती अर्थातच पाल्याच्या भावात मिळत नाहीत. शिवाय वनस्पतीचे पीक कुठले, कापणी केव्हा झाली, सुकवली कशी, यावर घटकांचे प्रमाण बदलते. त्याच नावाच्या दोन गोण्यांत औषध सारखे असेलच असे नाही. परिणामी प्रयोगांचे निष्कर्ष विखुरलेले आहेत: कुठे हगवण कमी झाली, कुठे वजन थोडे वाढले, कुठे काहीच फरक पडला नाही.

मोजून दिलेल्या वनौषधीचे आपल्याकडचे चांगले उदाहरण दुग्धव्यवसायात सापडते. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने गायी-म्हशींच्या कासदाहावर २५० ग्रॅम कोरफड, ५० ग्रॅम हळद आणि १५ ग्रॅम चुना यांच्या लेपाचा पाठ प्रसारित केला आहे. त्यात वजन ठरलेले आहे आणि लेप दिवसातून किती वेळा लावायचा हेही. मात्र तो आजारी जनावरावरचा उपचार आहे, निरोगी जनावराच्या रोजच्या खाद्यातील भेसळ नव्हे. ‘हर्बल’ या एका शब्दाखाली या दोन गोष्टी सर्रास एकत्र केल्या जातात. प्रतिजैविकाने केलेली चूकच वनस्पतीच्या नावाने पुन्हा करायची का, असेही विचारता येईल. जस्ताचा अनुभव ताजा आहे. प्रतिजैविके गेल्यावर युरोपातील वराहपालकांनी पिल्लांच्या हगवणीवर झिंक ऑक्साइडच्या मोठ्या मात्रेचा आधार घेतला. ते जस्त शेणखतातून जमिनीत साचू लागले, त्याला सरावलेले जिवाणू प्रतिजैविकांनाही न जुमानणारे निघू लागले, आणि जून २०२२ पासून युरोपीय संघाने तेही थांबविले.

डेन्मार्कने यातून वाट काढली ती एखाद्या अर्काच्या जोरावर नाही. तेथील वराह व्यवसायाने १९९८ ते २००० या काळात खाद्यातील वाढप्रवर्तक प्रतिजैविके टप्प्याटप्प्याने बंद केली; संपूर्ण युरोपीय संघात ती १ जानेवारी २००६ पासून बंद झाली. सुरुवातीला डॅनिश पिल्लांमध्ये हगवण वाढली आणि उपचारासाठीची औषधे काही काळ अधिक लागली. मग दूध तोडण्याचे वय, खाद्यातील प्रथिनांचे प्रमाण, गोठ्यांची स्वच्छता यांत बदल झाले आणि प्रत्येक गोठ्याच्या औषधवापराची नोंद ठेवली जाऊ लागली. १९९२ ते २००८ दरम्यान दर किलो वराहमागे प्रतिजैविकांचा वापर निम्म्याहून खाली आला आणि त्याच काळात वराहांचे उत्पादन १ कोटी ८४ लाखांवरून २ कोटी ७१ लाखांवर गेले.

महाराष्ट्रात चित्र निराळे आहे. देशातील वराहांची संख्या २०१९ च्या पशुगणनेत १२ टक्क्यांनी घटून सुमारे ९० लाख ६० हजारांवर आली, आणि त्यांतील मोठा हिस्सा ईशान्येकडील राज्यांत आहे. महानगरांच्या परिघावरील अनेक वराहपालन केंद्रे हॉटेलांतील उष्ट्या-शिळ्या अन्नावर चालतात. तिथे खाद्याची गिरणी नाही, गोणी नाही, त्यामुळे टनामागे अर्धा किलो अर्क मिसळण्याची सूचना निरर्थक ठरते. रायगडच्या अंतर्भागात पिंजऱ्यांच्या गाड्या महामार्गावरून जाताना दिसतात त्या ब्रॉयलर कोंबड्यांच्या. कंत्राटी पद्धतीत पिल्ले, खाद्य आणि औषध कंपनी पुरवते. शेतकऱ्याची असते ती शेड, वीज, पाणी आणि मेहनत, आणि मोबदला मिळतो किलोमागे. खाद्यात काय आहे हे ठरविणारा तो नाही, आणि बहुतेकदा जाणणाराही नाही. त्याच्या परसात कुडा आणि अडुळसा कितीही वाढला तरी गोणीत तो जाणार नाही. उलट एखाद्या कंपनीने उद्या कुड्याची साल मागितलीच, तर हिशेब भयंकर आहे. एक लाख कोंबड्या बाजारात जाईपर्यंत सुमारे ३५० टन खाद्य खातात. टनामागे एक किलो पूरक म्हटले तरी ते ३५० किलो होते, आणि तेवढ्या अर्कासाठी लागणारी कच्ची साल त्याच्या कित्येक पट. साल सोललेले झाड बहुधा जगत नाही.

वराहपालनाला आता सरकारी प्रोत्साहन आहे. २०२१ मध्ये फेररचना झालेल्या राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० माद्या आणि १० नरांच्या प्रकल्पाला ५० टक्के, कमाल ३० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद करण्यात आली. बंदिस्त आणि व्यापारी वराहपालन महाराष्ट्रात वाढायचेच असेल, तर त्याचा आराखडा अजून कोरा आहे आणि हीच जमेची बाजू आहे. आपल्याकडील सरकारी केंद्रांत पिल्ले आठ आठवड्यांनी तोडण्याची पद्धत पूर्वी रूढ होती. ती मागासलेली म्हणून सोडली जात आहे. चार आठवड्यांऐवजी सहा आठवडे पिल्ले आईजवळ ठेवली तर काय होते? डुकरीण ११४ दिवस गाभण असते. दूध तोडल्यानंतर पुन्हा फळण्यास आठवडाभर धरला, तर चार आठवड्यांच्या पद्धतीत वर्षाला सरासरी २.४५ वेत होतात आणि सहा आठवड्यांच्या पद्धतीत २.२४. वेताला दहा पिल्ले धरली, तर एका मादीमागे वर्षाला सुमारे दोन पिल्लांचा फरक. मोबदल्यात पिल्लाचे आतडे धान्य पचविण्यास सज्ज झालेले असते आणि ओव्याच्या अर्काला, वापरायचाच तर, सोपे काम उरते.

ती दोन पिल्ले कोणाच्या खात्यातून वजा व्हायची, हे अनुदानाच्या योजनेने ठरविलेले नाही. मुंबई-पुण्यात ‘प्रतिजैविकमुक्त’ असे लेबल लावलेले मांस अधिक दराने विकले जाते, पण त्या दरातील किती भाग शेडपर्यंत पोहोचतो, हे लेबलावर छापलेले नसते.